घडी मोडावी की ठेवावी?

पायथन म्हटलं की आमच्या जमातीला एकच गोष्ट आठवते. त्यामुळे एका सोमवारी लंचला आमच्या टीममधला टेस्टर मला म्हणाला, "बाबांनी माझ्यासाठी एक पायथन ठेवलाय, त्याचं काय करू कळत नाहीये," तेव्हा मी अगदी गंभीरपणे विचारलं, "कुठलं व्हर्जन? दोन की तीन?"

तो हसला. हसला म्हणून बरं, कारण त्याचे वडील जाऊन तीनच आठवडे झाले होते.

तर मंडळी, हा पायथन म्हणजे रिव्हॉल्वर. कोल्ट कंपनीचा, .३५७ मॅग्नमचा, सहा गोळ्यांचा. आपली पायथन १९९१ ची आणि तिचं नाव 'माँटी पायथन' या विनोदी मालिकेवरून आलेलं. कोल्टचा पायथन १९५५ चा, १९५० सालच्या कोब्राचा धाकटा भाऊ. मित्राच्या वडिलांनी तो १९७६ साली दुकानातून नवा कोरा घेतला, खोक्यात ठेवला आणि त्यातून एकही गोळी झाडली नाही. लाकडासारखी नक्षी छापलेलं पुठ्ठ्याचं खोकं, आत थर्मोकोल, माहितीपत्रक, दुकानाची पावती, सगळं जिथल्या तिथे. आता प्रश्न असा, की मुलानं त्यातून गोळी झाडावी की नाही?

हा प्रश्न मला का विचारला? कारण मी त्याच्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो आणि वीकेंडला इतिहासाची पुस्तकं वाचत बसतो हे त्याला माहीत आहे. बंदुकीतलं मला ओ की ठो कळत नाही. शिवाय मी अजून एच-वन-बी वर आहे, आणि १९९८ पासून इथल्या फेडरल कायद्यानं अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला मनाई आहे (शिकारीचा परवाना असणं वगैरे काही अपवाद सोडून). म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेतला माणूस सल्लागार म्हणून उत्तम. मोहात पडून स्वतः चाप ओढायची सोयच नाही. :)

पण आम्ही राहतो हार्टफर्डला. इथे इन्शुरन्स कंपन्यांच्या आयटीत नोकऱ्या करणारे आपले लोक भरपूर आहेत, आणि आय-९१ हायवेवरून जाताना त्यातल्या प्रत्येकानं तो निळा, कांद्याच्या आकाराचा, सोनेरी चांदण्यांचा घुमट बघितलेला असतो. नवीन आलेल्याला वाटतं रशियन चर्च असावं. तो कोल्टचा जुना कारखाना. घुमटाच्या टोकावर मागच्या पायांवर उभं राहिलेलं शिंगरू आहे, कारण इंग्रजीत 'कोल्ट' म्हणजे शिंगरू. आणि आपल्याकडे बंदुकीच्या मागच्या खटक्याला म्हणतात घोडा! हे मी मित्राला सांगितलं, तेव्हा त्या आठवड्यात तो पहिल्यांदा मनापासून हसला.

असो. सल्ला द्यायचा म्हणून मी वाचायला बसलो, आणि सुरुवातीलाच कलकत्ता भेटलं.

सॅम्युअल कोल्ट १८३० साली सोळा वर्षांचा असताना 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बोस्टनहून कलकत्त्याला निघाला. त्या प्रवासात त्यानं फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना चाकूनं कोरून काढला, अशी कथा आहे. जहाजाचं सुकाणू फिरून एका जागी अडकतं ते बघून त्याला कल्पना सुचली असंही म्हणतात, पण कोल्ट हा मार्केटिंगचाही बादशहा होता, तेव्हा तेवढं मीठ लावून घ्या. त्याचा म्हणून सांगितला जाणारा लाकडी नमुना आजही हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयाकडे आहे. म्हणजे बघा, कोल्टचं सगळ्यात पहिलं रिव्हॉल्वर हेच मुळी 'एकही गोळी न झाडलेलं'!

पुढची गोष्ट कुठल्याही स्टार्टअपसारखी आहे. १८३६ ला अमेरिकन पेटंट, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना, गिऱ्हाईक नाही, १८४२ ला दिवाळं. मग १८४७ मध्ये मेक्सिकोशी युद्ध चालू असताना सॅम्युअल वॉकर या टेक्सास रेंजरमुळे सरकारची हजार नगांची ऑर्डर आली. कोल्टकडे तेव्हा स्वतःचा कारखानाही नव्हता, त्यानं माल दुसऱ्याच्या कारखान्यात करून घेतला. आउटसोर्सिंग! त्यानंतर मात्र त्यानं मागे वळून बघितलं नाही. १८५५ ला हार्टफर्डचा मोठा कारखाना उभा राहिला. १८६२ ला, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला, १८६४ ला कारखाना जळाला आणि त्याच्या बायकोनं, एलिझाबेथनं, तो घुमटासकट पुन्हा बांधून घेतला.

पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा कारखाना गाजला तो यंत्रांमुळे. एलिशा रूट नावाच्या कारखानाप्रमुखानं बंदुकीचा जवळजवळ प्रत्येक भाग यंत्रावर कापण्याची व्यवस्था बसवली. एकाचा भाग दुसऱ्याला बसला पाहिजे, हे ध्येय. इथे शिकून बाहेर पडलेल्या माणसांनी पुढे कनेक्टिकटच्या खोऱ्यात अचूक यंत्रं बनवायचा धंदा पसरवला. प्रॅट आणि व्हिटनी हे दोघंही कोल्टमध्ये काम केलेले. विमानाच्या इंजिनावर दिसणारी ती नावं त्यांचीच. माझ्या मित्राचे वडील याच परंपरेतले. आयुष्यभर एका छोट्या मशीन शॉपमध्ये टूलमेकर, हजारांश इंचाच्या हिशोबात जगलेला माणूस.

आणि गंमत अशी, की त्याच कोल्टचा पायथन बनायचा मात्र हातानं. म्हणजे भाग यंत्रावर कापलेले, पण आतले खटके कारागीर कानशीनं आणि दगडानं घासून एकमेकांत बसवायचा. चाप पूर्ण ओढला की सिलिंडर असा घट्ट बसतो की तिजोरीच्या दाराची उपमा देतात. वरचं निळं पॉलिश तर असं, की त्यात तोंड बघून घ्यावं. १९५५ मध्ये किंमत होती १२५ डॉलर, तेव्हाच्या मानानं महाग. पुढे हातकाम परवडेना. १९९९ मध्ये नेहमीचं उत्पादन बंद झालं, नंतर काही वर्षं कस्टम शॉपमधून थोडे नग येत राहिले. २०२० साली कोल्टनं नवा पायथन आणला, १४९९ डॉलरला. पण आतली रचना बदललेली, भाग कमी, सगळं संगणकावर चालणाऱ्या यंत्रांवर कापलेलं. नव्याचे आतले भाग जुन्याला चालत नाहीत, आणि जुना दुरुस्त करू शकणारे कारागीर एकेक करून कमी होतायत. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड. उत्तम चालतो, पण लिहिणारे निघून गेले आणि डॉक्युमेंटेशन त्यांच्या बोटात होतं.

टूलमेकर माणसानं १९७६ मध्ये ओव्हरटाइमचे पैसे साठवून ही वस्तू का घेतली असेल, ते मला इथे थोडं समजलं.

आता बाजाराकडे वळू. मित्र खोकं घेऊन एका दुकानदाराकडे गेला होता. दुकानदारानं दोन भाव सांगितले, एक न झाडलेल्याचा, एक झाडलेल्याचा. फरक साधारण बाराशे डॉलरचा. मी लगेच नॅपकिनवर गणित केलं. सहा गोळ्या, बाराशे डॉलर, म्हणजे गोळीमागे दोनशे. मित्र म्हणाला, "चूक. पहिलीच गोळी बाराशेची. उरलेल्या पाच फुकट." टेस्टर तो टेस्टरच!

पण 'न झाडलेला' म्हणजे नक्की काय? इथे मला खरा धक्का बसला. न झाडलेला असा कोल्ट नसतोच. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक नग झाडून तपासला जायचा. चापाभोवतीच्या कडीवर त्रिकोणात 'व्हीपी' असा बारीक छाप असतो, त्याचा अर्थच मुळी 'तपासणी झाली'. म्हणजे मित्राच्या वडिलांनी जपलेला कोरेपणा हा काही लोखंडाचा गुण नव्हता, तो एक सामाजिक करार होता. कारखान्यातल्या गोळ्या मोजायच्या नाहीत, गिऱ्हाइकाच्या मोजायच्या. क्यूएमध्ये दहा हजार वेळा चालवलेलं सॉफ्टवेअर आपणही 'ब्रँड न्यू' म्हणूनच विकतो की.

लोखंडाच्या बाजूनं बघितलं तर थोड्या गोळ्यांनी अशा रिव्हॉल्वरचं काहीही बिघडत नाही, ते त्याचसाठी बनवलेलं. शिवाय .३५७ मध्ये .३८ स्पेशलचं काडतूस चालतं. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसननं .३५७ मॅग्नम आणलं तेव्हा त्याची केस .३८ पेक्षा साधारण साडेतीन मिलिमीटर लांब ठेवली, म्हणजे हे जोरकस काडतूस जुन्या, कमजोर रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये. उलटं मात्र चालतं, आणि .३८ नं धक्काही सौम्य बसतो. खुणा तेवढ्या राहतात. सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर जळक्या दारूची काळी वर्तुळं उमटतात आणि जाणकाराला ती लगेच दिसतात.

बाजार कशाला पैसे देतो याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण ऑगस्ट २०२१ मधलं. बॉनहॅम्सच्या लिलावात एक जुना कोल्ट साठ लाख डॉलरच्या वर गेला. त्या वेळी बंदुकीला मिळालेली ती जगातली सर्वात मोठी किंमत. हा कोल्ट कोरा होता का? छे! १४ जुलै १८८१ च्या रात्री शेरीफ पॅट गॅरेटनं याच कोल्टनं बिली द किडला मारलं होतं. म्हणजे मोल एकतर प्रचंड मोठ्या इतिहासाला, नाहीतर शून्य इतिहासाला. मधला जो साधा इतिहास, की एका बापानं रविवारी पोराला घेऊन डब्यांवर नेम धरला, त्याला बाजारात किंमत उणे बाराशे डॉलर.

आणि कोरेपणावरही फार विसंबू नये. १९६०च्या दशकापासून कोल्टनं कुठल्या राज्याचा वर्धापनदिन, कुठला शेरीफ, कुठली लढाई अशा निमित्तानं सोनेरी नक्षीचे, मखमली पेटीतले कितीतरी स्मृति-नग काढले. लोकांनी ते गुंतवणूक म्हणून घेतले आणि कुलपात ठेवले. झालं काय, की सगळ्यांनीच न झाडता ठेवले. आज पेटीसकट कोरा नग मिळणं यात काही अप्रूपच नाही, त्यामुळे बहुतेकांचे भाव त्या स्वप्नांच्या जवळपासही गेले नाहीत. पायथन वाचला याचं कारण तो लोकांनी वापरला. वापरून वापरून कोरे कमी उरले. (२०१० पासून 'द वॉकिंग डेड' मालिकेत नायकाच्या हातात पायथन दिसला, त्याचाही हातभार लागला म्हणतात.)

इथपर्यंत मी खुशीत होतो. मग मित्रानं एक दिवस कॉफी घेताना सांगितलं की त्याची बायको घरात ही वस्तू ठेवायला तयार नाही.

ती प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. कनेक्टिकटमध्ये. न्यूटाऊनची सँडी हुक शाळा इथून तासाभराच्या अंतरावर आहे. डिसेंबर २०१२ मध्ये तिथे वीस मुलं आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. त्यानंतर २०१३ मध्ये राज्यानं बंदुकीचे कायदे कडक केले, आणि दाराला आतून कुलूप लावून मुलांना कोपऱ्यात गप्प बसवायची तालीम तिच्या वर्गात होते. तिचं म्हणणं सोपं होतं. "तू पॉलिश बघतोस, मला बंदूक दिसते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. कानशीच्या कारागिरीचं कौतुक करताना ती कशासाठी केली होती हे विसरायचं नाही, एवढंच मी माझ्यापुरतं ठरवलं.

म्हणजे पर्याय तीन झाले. विकायचा, कुलपात ठेवायचा किंवा झाडायचा. मित्र रोज एक बदलायचा.

त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा मी हे सगळं आईला सांगितलं. बंदूक म्हटल्यावर आधी पंधरा मिनिटं "तू हातसुद्धा लावू नकोस" हे झालं. मग ती म्हणाली, "म्हणजे आजीच्या पैठणीसारखंच."

आजीची पैठणी आमच्या घरात दंतकथा आहे. आजीनं ती एकदाच नेसून मलमलच्या फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवली, आईनंही तशीच जपली. ताईच्या लग्नात बाहेर काढली, तर घडीघडीवर चिरलेली. वर्षानुवर्षं रेशीम एकाच घडीवर राहिलं की तिथेच जातं. नेसून फाटली असती तर निदान फोटो तरी राहिले असते, असं आई अजून म्हणते.

मी म्हटलं, "मग झाडावा असं तुझं मत?"

"मी कुठे म्हटलं? पण घडी मोडायला कुणाला देतात ते तुला माहितीये ना? नवी साडी आपण आधी नेसत नाही, नणंदेला, भाचीला देतो, म्हणतो तू घडी मोड. जवळच्याच माणसाला देतात ते."

हे इंग्रजीत कसं सांगायचं या विचारात मी सोमवारी ऑफिसला गेलो. दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू का वाहतो ते सांगणं त्या मानानं सोपं गेलं होतं. "पूजा वापरातल्या हत्याराची असते," एवढ्यात त्याला पटलं होतं. घडी मोडणं समजावायला पूर्ण लंच लागला.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर खोकं उघडलं, सुती हातमोजे घालून रिव्हॉल्वर काढला, रिकामा आहे हे दोनदा तपासलं आणि दिव्याखाली धरला. मी हात मागे बांधून बघत होतो. निळं पॉलिश खरंच आरशासारखं. पण सिलिंडरच्या भोवती, खाचांच्या मधून जाणारी एक बारीक फिकट रेघ होती, केसाएवढी.

"ही कसली?" मी विचारलं.

तो बराच वेळ बघत राहिला. ही रेघ गोळी झाडल्यानं पडत नाही. रिकामं रिव्हॉल्वर नुसतं चालवलं, घोडा ओढला, सोडला, की सिलिंडर फिरतो आणि खालची अडकण त्यावर घासत जाते. दोन-चार वेळा करून एवढी रेघ पडत नाही. शेकडो वेळा करावं लागतं.

मित्राच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "करायचा ना तो. शुक्रवारी रात्री, तुम्ही पोरं झोपल्यावर. याच टेबलावर बसून घोडा हळू ओढायचा, कानाजवळ धरून ऐकायचा, परत पुसून ठेवायचा. मी विचारलं तर म्हणायचा, कुणीतरी फार मन लावून बसवलंय हे."

म्हणजे चाळीस वर्षं त्या माणसानं गुंतवणूक जपलीच नव्हती. तो एका अनोळखी कारागिराचं काम वाचत होता, आपण एखाद्याचा सुंदर कोड पुन्हा पुन्हा वाचावा तसा. दुकानदाराच्या दोन भावांत ही रेघ 'किरकोळ दोष' म्हणून नोंदली गेली होती.

मित्राचा निर्णय तिथेच झाला. पण त्यानं आधी बायकोला विचारलं. तिच्या अटी दोन: घरात भक्कम तिजोरी आणि घरात एकही काडतूस नाही. त्यानं दोन्ही मान्य केल्या.

मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही रेंजवर गेलो. मी मागच्या रेघेच्या अलीकडे, कानावर मफ, डोळ्याला चष्मा. त्यानं पन्नासाचा एक .३८ चा खोका घेतला होता. सहा भरले. पहिल्या वेळी चाप ओढायला त्याला एवढा वेळ लागला की शेजारच्या लेनमधला म्हातारा वळून बघायला लागला. मग आवाज झाला. सहापैकी चार कागदाला लागल्या, दोन कुठे गेल्या देव जाणे. वास थेट लवंगी फटाक्यांचा.

त्यानं परत भरला नाही. उरलेली चव्वेचाळीस काडतुसं त्या म्हाताऱ्याला देऊन टाकली. तिथल्याच बाकावर बसून पाऊण तास सिलिंडरच्या तोंडावरची काळी वर्तुळं पुसली. बरीचशी गेली, थोडी राहिली. "याला रोलबॅक नाही," तो म्हणाला.

हा निर्णय प्रत्येकाला लागू पडेल असं मी म्हणत नाही. कुणाला त्या पैशाची गरज असेल तर खुशाल विकावा, कुणाला घरात बंदूक नकोच असेल तर ते शंभर टक्के बरोबर. पण वारशानं आलेली कोरी वस्तू हातात आली की भाव विचारायच्या आधी ती एकदा दिव्याखाली धरावी. ज्यानं ठेवली तो ती कशी वापरत होता, हे बहुतेक वेळा तिच्यावरच लिहिलेलं असतं.

परत येताना आय-९१ वर घुमट दिसला. मित्र काही बोलला नाही, मीही नाही. घरी आल्यावर आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "तू हात नाही ना लावलास?"

नाही लावला. :)

मग म्हणाली, "माझी ती मोरपंखी काढून ठेवलीये कपाटातून. डिसेंबरात याल तेव्हा सूनबाईला सांग, घडी तिनंच मोडायची."